हत्यारं देवासला, रेस धारला

इंदूरला गाडीतून उतरले तेव्हा माझ्या डाव्या पायाला मुंग्या आल्या होत्या, पाण्याची बाटली वरच्या बर्थवर राहिली होती आणि समोर माझा भाचा माधव हात पुढे करून उभा होता.

"आत्या, बॅग द्या."

"बॅग राहू दे, आधी हात दे. पाय गेलाय माझा," मी म्हटलं.

माधव मोटोक्रॉस खेळतो. सांगलीत हे कुणाला सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे सायकल का?" सायकल नव्हे. मातीच्या मैदानात मुद्दाम उंचवटे, खड्डे, वळणं केलेली असतात आणि त्यावरून मोटारसायकली पळवायच्या. गाडी निम्मा वेळ जमिनीवर, निम्मा वेळ हवेत. या खेळात माधव देशात अनेकदा पहिला आलेला आहे. आता वय सदतीस, उजव्या मांडीत लोखंडी सळई. फोनवर म्हणाला होता, "आत्या, नवमीला धारला लास्ट रेस आहे. त्यानंतर बंद. तुम्ही याच." मी एकसष्ट वर्षांची, आयटीआयमध्ये तीस वर्षं फिटर ट्रेड शिकवून निवृत्त झालेली बाई. गुडघे कुरकुर करतात. पण निघाले. या पोराच्या करिअरमध्ये माझाही चिमूटभर वाटा आहे, तो पुढे सांगते.

इंदूरहून देवास तासाभराचा रस्ता. हा एवढा मोठा चँपियन जीप चालवत होता चाळीसच्या वेगाने, डावीकडून, आरशात बघत. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवून वाजवून थकले. एक तर शेजारून जाताना ओरडला, "भिया, धक्का लगाऊं क्या?"

"अरे, जरा दाब की! तू रेसर ना?" मी म्हटलं.

"रोडवर नाही, आत्या. रोडवर लोक येडे असतात. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेला जाऊन राहिलेले असतात."

दोन्ही बाजूंनी सोयाबीन कापून ढीग लावले होते, मळणी यंत्रांची धूळ उडत होती. मग देवासची टेकडी दिसली. वर तुळजाभवानी आणि चामुंडा, इकडची माणसं त्यांना बडी माता आणि छोटी माता म्हणतात. अष्टमी होती, त्यामुळे पायथ्यापासून वरपर्यंत माणसांची रांग आणि रांगेच्या कडेने नारळवाले. माधवने जीप थांबवून जागेवरूनच नमस्कार केला. मीही केला. गर्दीत चढायची माझी अजिबात इच्छा नव्हती, हे देवीला माहीत असावं.

घराखाली दुकान. दुकानात माधवचे वडील, माझा मामेभाऊ, आप्पा. वय पंचाहत्तर. नवरात्राचे उपास, पायात चप्पल नाही. आप्पाचे आजोबा देवास संस्थानच्या पागेतल्या घोड्यांची खोगिरं शिवायचे. घोडे गेले, संस्थान गेलं, पण बसायची जागा शिवायचं काम घरात राहिलं. आप्पा मोटारसायकलच्या सीटची कव्हरं शिवतो. त्याची आरी (चामडं टोचायची जाड सुई) आजोबांच्या वेळची आहे, मूठ झिजून अंगठ्याचा खळगा पडलेला.

"ये कुसुम," तो म्हणाला. "वाळलीस गं."

मी पाच किलो वाढले आहे. पण आप्पाला आमच्या घराण्याच्या रीतीप्रमाणे हेच म्हणायचं असतं.

माधवची बायको वृंदा शाळेत शिकवते. तिने पोहे आणले, वर शेव आणि जिरावण (इकडचा आंबट-तिखट मसाला), बाजूला गरम जिलबी. मला साखरेचा त्रास आहे, म्हणून मी एकच जिलबी घेतली. मग आणखी एक. वृंदा माहेरची उज्जैनची, मराठीच, पण शाळा हिंदी. "आत्याबाई, मला मराठी वाचायला टाइम लागतो," ती लाजत म्हणाली. "बोलायला नाही लागत." ते मला पुढच्या दोन दिवसांत चांगलंच कळलं.

खाताना मी दुकान न्याहाळत होते. भिंतीला लागून चषकांची रांग, आणि एकही रिकामा नाही. एकात दोऱ्याची रिळं, एकात चुका (बारीक खिळे), सगळ्यात मोठ्या चांदीच्या रंगाच्या चषकात कापडाच्या पट्ट्या.

"हे असं ठेवायचं असतं होय?" मी विचारलं.

"मग काय, त्यात पाणी प्यायचं?" आप्पा म्हणाला.

माधवचं करिअर सुरू झालं चोरीने. तो चौदा वर्षांचा असताना एका गिऱ्हाइकाची मोटारसायकल सीटसाठी दुकानात आली होती. गाडी कन्नौदला पोचवायची होती. आप्पा दुसऱ्या गाडीवर, माधव या गाडीवर. कन्नौदच्या धान्य मंडीमागे मोकळं मैदान आहे, तिथे गावातली पोरं मातीचे ढीग करून गाड्या उडवत होती. आप्पा मंडीत बोलत उभा, तेवढ्यात हा गिऱ्हाइकाची गाडी घेऊन त्यात घुसला आणि सगळ्यांत लांब उडी मारून आला. पुढचं मडगार्ड दुमडलेलं. गिऱ्हाईक बघतंय, आप्पा बघतोय. आप्पाने भर मंडीत कानाखाली वाजवली आणि घरी येताना विचारलं, "उडी मारताना हँडल सोडलं होतंस की धरलं होतंस?" पोराला वाटलं अजून एक बसणार. पण आप्पाला खरंच जाणून घ्यायचं होतं.

त्यानंतर आप्पाने मला पोस्टकार्ड लिहिलं. मी आयटीआयमध्ये असल्याने घराण्यात इंजिन कळणारी मी एकटी. "चि. कुसुम हिस अनेक आशीर्वाद. पिस्टनची रिंग कोणत्या बाजूने बसवावी?" खाली बॉलपेनने पिस्टनचं चित्र, वाटीसारखं. मी उत्तर लिहिलं. मग दर महिन्याला एक कार्ड. क्लच, कार्ब्युरेटर, चेनचा ताण. सीट शिवणारा माणूस पन्नाशी ओलांडल्यावर माझ्याकडून पोस्टाने मेकॅनिक झाला! आणि असा झाला की बावीस-तेवीस वर्षं माधवच्या गाडीचा एकही बोल्ट दुसऱ्या कुणी कसला नाही. विसाव्या वर्षी माधव देशात पहिला आला. मग आणखी काही वेळा. मग अकरा वर्षांपूर्वी पडला. नंतर पुन्हा उभा राहिला, जिंकला, पण गेली दोन वर्षं किताब थोडक्यात हुकत होता. या मोसमात त्याचे गुण पुढे होते. धारला दोन फेऱ्या होत्या. दोन्हींत पहिल्या तिघांत आला की चँपियन होऊन घरी बसणार, एवढा साधा हिशेब होता.

"जिंकूनच थांबायचंय आत्या," तो मला म्हणाला. "हारून थांबलं की माणूस मनात थांबत नाही."

नवमीला पहाटे मला भांड्यांच्या आवाजाने जाग आली. खाली गेले तर आप्पा जमिनीवर बसून खंडेनवमीची पूजा मांडत होता. खंडेनवमी मला नवी नाही. वर्कशॉपमध्ये आम्हीही लेथला हार घालून पेढे वाटायचो. पण हे प्रकरण वेगळं होतं. लाल कापडावर आरी, रापी (चामडं कापायचं पातं), कात्र्या, हातोड्या, आणि मग रेसच्या गाडीचे सगळे पाने (स्पॅनर), मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने. प्रत्येकाला हळदकुंकू, प्रत्येकावर झेंडूचं फूल. जीपचा जॅकसुद्धा. वृंदाची विळी आणि सुरी त्यात गेलेली, त्यामुळे केळी हाताने मोडून खाल्ली.

"दसरा उगवेपर्यंत यातलं काही उचलायचं नाही," वृंदाने मला हळूच सांगितलं.

"काही म्हणजे? आज रेस आहे ना? पाने बरोबर नेणार ना?"

मी माधवकडे पाहिलं. तो बूट बांधत होता.

"आत्या, गाडी काल रात्रीच पूर्ण कसून तयार आहे. आप्पांनी सगळं तीनदा चेक केलंय."

"अरे पण वाटेत, मैदानात काही सैल झालं तर?"

"नाही होणार," आप्पा पूजेवरून मान न वळवता म्हणाला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तीस वर्षं मी पोरांना शिकवलं की फिटर घराबाहेर पडताना चप्पल विसरला तरी चालेल, पाना विसरू नये. आणि ही माणसं देशाच्या किताबाची शेवटची रेस खेळायला एकही पाना न घेता शंभर किलोमीटरवर निघाली होती! सगळी हत्यारं देवासला फुलं घालून बसलेली आणि आम्ही चौघं जीपमध्ये, मागे ट्रेलरवर गाडी.

जीपमध्ये वृंदा आणि मी मागे बसलो. बेटम्याच्या पुढे आप्पाला डुलकी लागली तेव्हा ती मला सांगू लागली. अकरा वर्षांपूर्वीची रेस गंधवानीजवळ होती, तीही नवमीलाच. निघताना आप्पाला शंका आली म्हणून त्याने पूजेतला एक पाना उचलून बरोबर घेतला, आणि मैदानात पुढच्या चाकाचा नट कसला. त्याच रेसमध्ये उडी उतरताना पुढचं चाक घसरलं, गाडी माधवच्या अंगावर आली, मांडीचं हाड तुटलं. रक्त इतकं गेलं की डॉक्टरांनी दोन दिवस काही सांगितलं नाही.

"आप्पांनी तेव्हापासून धरलंय की पाना उचलला म्हणून झालं," वृंदा म्हणाली. "आधी कसे ओरडायचे ना यांच्यावर, पूर्ण मोहल्ल्याला ऐकू जायचं. त्यानंतर एक शब्द नाही. हे जिंकोत, हारोत, फक्त म्हणतात 'सांभाळून'. बस."

मला आप्पाकडे पाहून वाईट वाटलं. झोपेत त्याचं तोंड उघडं होतं आणि हात मांडीवर जुळवलेले होते.

घाटाबिल्लोदला चहा घेतला. शेजारच्या बाकावर मोहनखेड्याला जाणारी बस थांबलेली, जैन यात्रेकरू घरचे डबे उघडून बसलेले. टपरीवरच्या बाईने मला विचारलं, "कां जई रिया हो, मासी?" (कुठे निघालात?)

"धारला. गाड्यांची रेस बघायला."

"तमारो छोरो है?"

"भाचा आहे," मी जीपकडे बोट दाखवलं. तिने माधवला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "यो तो घणो सीधो लगे." (हा तर फार साधा दिसतो.) माधव लाजला. चहाबरोबर तिने मला एक बिस्किटाचा पुडा तसाच दिला, पैसे घेईना.

धारच्या किल्ल्याचे लाल बुरूज डावीकडे टाकून आम्ही गावाबाहेरच्या मैदानावर पोचलो. काळी माती, तीवर टँकरने पाणी मारलेलं. पाणी थोडं जास्त झालं होतं आणि माझ्या चपला पहिल्याच पावलात चिखलात रुतल्या. एक निघाली, एक राहिली. ती काढायला भोपाळच्या एका खेळाडूच्या मेकॅनिकने मदत केली. पांढरी दाढी, सगळे त्याला उस्ताद म्हणत. आपल्या हत्यारांच्या पेटीवर मला बसायला जागा करून दिली आणि आप्पाला वाकून नमस्कार केला. त्याचाच खेळाडू माधवच्या मागे गुणांत दुसरा होता, हे मला नंतर कळलं.

भूक लागली होती. कुंपणाजवळ गंधवानीकडची एक बाई दाल-पानिया विकत होती. मक्याच्या पिठाचा जाड रोट पळसाच्या पानांत दाबून गोवऱ्यांवर भाजतात, त्याला पानिया म्हणतात, बरोबर पातळ तिखट डाळ. मी दोन खाल्ले. आप्पाचा उपास इतका कडक की त्याने केळंसुद्धा घेतलं नाही.

पहिली फेरी सुरू झाली. लोखंडी आडवी दांडी पडते आणि वीस गाड्या एकदम सुटतात. तो आवाज छातीत बसतो. मी इतकी वर्षं या पोराच्या पिस्टनची पत्रं लिहिली, पण त्याला हवेत पाहिलं नव्हतं. बाई गं! तो उंचवट्यावरून वर गेला तेव्हा मी डोळे मिटले आणि उघडले तरी तो वरच होता. आप्पा माझ्या शेजारी कुंपणाची तार धरून उभा होता आणि पुटपुटत होता, "सांभाळून, सांभाळून."

शेवटच्या चकरेत एका गाडीने माधवला हवेतच धक्का दिला. तो उतरला तो हँडलवर सगळा भार टाकून. पडला नाही, दुसरा आला, पण गाडी घेऊन आला तेव्हा हँडल पुढे कललं होतं. हँडल धरून ठेवणारे चार बोल्ट सैल झाले होते. बारा नंबरचा पाना, दोन मिनिटांचं काम. दुसऱ्या फेरीला अर्धा तास होता.

उस्तादने न विचारता पाना पुढे केला. "अप्पाजी, ये लीजिए."

आप्पाने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"मी कसते," मी म्हटलं.

"नाही. कुसुम, तू नाही, उस्ताद नाही, कुणीच नाही. आज या गाडीला लोखंड लावायचं नाही."

"अरे, मग हे असं कसं चालवणार?"

"नाही चालवायची. गेला किताब तर गेला. पोर जिवंत राहील."

मी भडकले. म्हटलं, "आप्पा, इतकी पत्रं लिहिली मी तुला, त्यात हे कुठे शिकवलं होतं? बोल्ट सैल झाला की कसायचा, एवढंच असतं!" तो माझ्याकडे बघेना. वृंदा रडकुंडीला आली. उस्ताद पाना हातात धरून अवघडून उभा. मग माधव गाडीजवळून उठला, लंगडत आप्पासमोर आला आणि हेल्मेट खाली ठेवलं.

"आप्पा, पान्याने नव्हतं झालं."

"गप बस."

"ऐका ना. तुम्ही नट कसून पाणी आणायला गेला होतात. तेव्हा मी पुढच्या टायरची हवा सोडली. काडीने. माती ओली होती, मला वाटलं ग्रिप मिळेल. आदल्या दिवशी तुम्हाला विचारलं होतं, तुम्ही नाही म्हणाला होतात. म्हणून मी गुपचूप सोडली. उतरताना टायर रिमवरून निघाला. मला पडतानाच कळलं होतं."

आप्पाने पाठीमागचे हात सोडले.

"हॉस्पिटलमध्ये तुम्ही दारात उभे राहून स्वतःला मारून घेत होता. तेव्हा मला बोलता येत नव्हतं. नंतर बोलता आलं, पण... नंतर तुम्ही माझ्यावर ओरडणं सोडलं. मी काही बोललो की हो म्हणायचे. मला ते बरं वाटून राहिलं होतं, आप्पा. म्हणून नाही सांगितलं. मग इतकं लांबलं की सांगायची हिंमत गेली."

वृंदाला हे माहीत नव्हतं, तिच्या चेहऱ्यावरून दिसलं. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की मी नवरा असते तर त्याच क्षणी धारहून पळाले असते. मलाही त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. अकरा वर्षं! म्हातारा स्वतःला दोष देतोय, नवमीला पान्यांना हात लावायला घाबरतोय, आणि याला बरं वाटून राहिलं होतं!

"किती सोडलीस?" आप्पाने विचारलं.

"काय?"

"हवा. किती सोडलीस?"

"निम्मी."

"निम्मी?" आप्पा म्हणाला. "त्या मातीत? निम्मी?"

आणि तो निघून गेला. चिखलातून अनवाणी, कुंपणाच्या टोकापर्यंत, आणि तिथे आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. उस्तादने हळूच मला विचारलं, "बहनजी, क्या हुआ?" मी म्हटलं, "कुछ नहीं, टायर की हवा।"

पंधरा मिनिटं राहिली, मग दहा. माधव गाडीशेजारी मांडी चोळत बसला होता. लाउडस्पीकरवर दुसऱ्या फेरीच्या खेळाडूंना बोलावू लागले, तेव्हा आप्पा परत आला. डोळे लाल. उस्तादच्या हातातला पाना त्याने घेतला नाही, माझ्याकडे बोट केलं.

"कुसुम, कस."

"तू कस की आता. तुला कळलं ना, तुझा दोष नव्हता ते?"

"माझे वडील नवमीला आरी उचलत नव्हते. त्यांचे वडील उचलत नव्हते. त्याचा याच्या मांडीशी काही संबंध नाही, हे आज कळलं. पण म्हणून मी उचलू होय? तू कस, मी बघतो."

मी चिखलात गुडघे टेकले, गुडघ्यांनी काय म्हटलं ते सांगत नाही, आणि चार बोल्ट आळीपाळीने कसले. आप्पाने हँडल दोन्ही हातांनी धरून त्यावर सगळं वजन टाकलं. "पुढचा उजवा. अजून अर्धा आटा." मी कसला. त्याने पुन्हा वजन टाकलं. मग माधवला म्हणाला, "जा." सांभाळून म्हणाला नाही.

माधव वाईट सुटला. सातवा, मग सहावा. निम्म्या रेसनंतर पाचवा. मी रागात होते तरी ओरडत होते, वृंदाही ओरडत होती, तिने माझा दंड इतका दाबला की नंतर काळानिळा पडला. उस्तादचा खेळाडू सगळ्यांत पुढे निघून गेला होता. शेवटच्या चकरेत माधव चौथा आला आणि तिसऱ्याच्या अगदी मागे लागला. समोर जोडउंचवटा होता, एकावरून उडून दुसऱ्याच्या पलीकडे उतरायचं. धाडस केलं असतं तर तिसरा झाला असता. वर जाता जाता त्याने वेग सोडला. दोन्ही उंचवटे एकेक करून चढून उतरला. चौथा. किताब भोपाळला गेला.

माधव गाडी घेऊन आला, उतरला, हेल्मेट काढून हातात धरलं. सगळं तोंड काळ्या मातीने भरलेलं. मी काहीतरी बरं बोलायला तोंड उघडणार, तोच आप्पा गरजला.

"उडी का नाही मारलीस?"

शेजारच्या चार तंबूंतली माणसं वळून पाहू लागली.

"आप्पा, हात..."

"हात काय? हँडल कसलेलं होतं! मी बघितलं होतं! बावीस वर्षं उड्या मारल्यास आणि शेवटच्या फेरीला पायऱ्या उतरल्यासारखा उतरलास? गाढवा! आणि सुटतानाच झोपला होतास, ते वेगळं! पहिल्या वळणाला बाहेरून कशाला गेलास? आत जागा होती, म्हैस गेली असती एवढी! आणि हवा निम्मी सोडतोस! ओल्या मातीत निम्मी हवा! कुठल्या मूर्खाने शिकवलं तुला?"

"तुम्हीच..."

"मी? मी हे शिकवलं? कन्नौदला कानाखाली दिली होती तेव्हाच दोन द्यायला हव्या होत्या!"

माधव मान खाली घालून उभा होता. खांदे हलत होते. रडतोय की हसतोय ते मला कळेना, आणि मग दोन्ही करतोय हे कळलं. वृंदा माझ्या कानाशी म्हणाली, "आत्याबाई, अकरा वर्षांनी ओरडले." उस्ताद आपल्या खेळाडूच्या गळ्यात पडायचा सोडून तोंड उघडं ठेवून ऐकत होता. भाषा त्याला कळत नव्हती, पण मतलब कळला असावा, कारण त्याने टोपी काढून हातात घेतली.

परतीच्या वाटेवर आप्पा इंदूरपर्यंत बोलत होता. माधव चाळीसच्या वेगाने चालवत होता आणि "हो आप्पा, चुकलं आप्पा" म्हणत होता. वृंदा मात्र नवऱ्याशी एक अक्षर बोलली नाही. तिचा हिशेब वेगळा होता आणि तो बरोबरच होता.

दसऱ्याला दुपारी माझी परतीची गाडी होती. आप्पा स्टेशनवर सोडायला आला. सोनं म्हणून आपट्याची पानं दिली, डब्यात वृंदाने केलेल्या पुऱ्या. गाडीला वेळ होता, बाकावर बसलो.

"अकरा वर्षं मी झोपेत तो नट कसत होतो, कुसुम," तो म्हणाला. "रोज. कसायचा आणि तो पुन्हा सैल. काल रात्री नाही कसला."

मला रडू आलं. लपवलं नाही.

खरं सांगते, माधववरचा माझा राग गेलेला नाही. तो मला आवडतो, त्याची उडी मी जन्मात विसरणार नाही, पण बापाचा दोष नाही हे ठाऊक असून तो गप्प राहिला, हे मला गिळता येत नाही. देशात इतक्यांदा पहिला आलेला माणूस एका काडीएवढी गोष्ट सांगायला अकरा वर्षं घाबरला. आणि सांगितली ती किताब हवा होता म्हणून की बापासाठी, हे त्याला तरी ठाऊक असेल का, कोण जाणे. मी आप्पाला सरळ विचारलं.

"तू माफ केलंस का त्याला?"

आप्पाने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पिस्टनची रिंग उलटी बसवली होती.

"माफ? एवढ्यात? अगं, अकरा वर्षांचं ओरडायचं राहिलंय," तो म्हणाला आणि माझी बॅग उचलून डब्याकडे चालू लागला.